टॅक्सीवाल्यांनी भाडं नाकारलं तर काय करायचं? गर्दीच्या शहरात नव्याने आलेल्यांसाठी

गर्दीच्या शहरात नवीन आलेल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते: टॅक्सी थांबली म्हणजे टॅक्सी मिळाली, असं नसतं. काच चार बोटं खाली येते, ‘कुठे जायचंय?’ असा प्रश्न येतो, तुम्ही ठिकाण सांगता, ड्रायव्हर मान हलवतो आणि गाडी निघून जाते. पाठोपाठ तीन-चार गाड्यांनी हेच केलं की माणूस रडकुंडीला येतो. सोबत म्हातारी आई असेल, तापाने फणफणलेलं मूल असेल, तर संताप अनावर होतो, आणि तो रास्त आहे.

पण त्या संतापात नवखा माणूस जे करतो, म्हणजे वाद घालणं, विनवण्या करणं किंवा जास्त पैसे देऊ करणं, त्यातलं काहीही फार उपयोगाचं नाही. नकार बहुतेक वेळा काचेतून होणाऱ्या त्या दोन वाक्यांतच घडतो. म्हणून ठिकाण कधी, कुठे आणि कसं सांगायचं हे आपल्या हातात घ्यायचं. त्यातूनही नकार आलाच, तर त्याची नोंद जिथे पोचायला हवी तिथे पोचवायची. पुढचं सगळं या दोन कामांसाठी आहे.

आधी ड्रायव्हरचा हिशेब समजून घ्या

टॅक्सीचं मीटर साधारणपणे दोन गोष्टी मोजतं, अंतर आणि वेळ. गाडी ठरावीक वेगाच्या वर असेल तर मीटर अंतरावर चालतं, वेग त्याखाली घसरला की मिनिटांवर. मोकळ्या रस्त्यावर धावणारी गाडी तासाभरात जेवढं कमावते, त्यापेक्षा कोंडीत अडकलेली गाडी सहसा बरंच कमी कमावते. गाडी भाड्याने घेतलेली असेल तर मालकाचे दिवसाचे पैसे मात्र ठरलेलेच असतात. कोंडीचा तोटा असा जवळजवळ पूर्णपणे ड्रायव्हरच्या अंगावर पडतो. तुमचं ठिकाण ऐकताना तो मनात हेच गणित मांडत असतो: किती वेळ अडकेन, आणि तिथून परत येताना भाडं मिळेल का?

या गणितातून नकाराची कारणं ओळखू येतात. शहराच्या टोकाला जायचं असेल तर परतीला गाडी रिकामी आणावी लागते. विमानतळावर किंवा मोठ्या स्टेशनवर तासन्‌तास रांगेत थांबल्यावर जवळचं भाडं मिळालं की ड्रायव्हर वैतागतो. आणि तिसरं, नवख्यांना सहसा ठाऊक नसलेलं कारण म्हणजे पाळी बदलण्याची वेळ. एकच गाडी दोघेजण आळीपाळीने चालवत असतील तर ती ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये दुपारी ४ ते ५ च्या सुमाराला आणि सिडनीत दुपारी ३ च्या आसपास टॅक्सी मिळणं याच कारणाने वर्षानुवर्षं अवघड गेलं आहे. अशा वेळी तुमचं ठिकाण गाडी जमा करण्याच्या जागेच्या उलट दिशेला असेल, तर विनवण्या करून काहीही होत नाही.

पावसाचंही तसंच. पाऊस पडला की गिऱ्हाईक वाढतं, म्हणजे टॅक्सीवाल्यांची चांदी होत असेल असं आपल्याला वाटतं. अर्थतज्ज्ञ हेन्री फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये दाखवलं की पावसात ड्रायव्हरची ताशी कमाई वाढत नाही, कारण रस्ते तुंबतात, आणि रस्त्यावर टॅक्सीही कमी असतात. म्हणून पावसात ‘आज तरी कोणीतरी थांबेल’ या भरवशावर राहू नका.

हे सगळं समजून घ्यायचं ते पुढची पावलं नीट पडावीत म्हणून. नकाराचं समर्थन म्हणून नव्हे. रस्त्यावरून हात दाखवणारं गिऱ्हाईक उचलण्याचा अधिकार बऱ्याच शहरांत फक्त परवानाधारक टॅक्सीला असतो. तो अधिकार समाजाने काही अटींवर दिलेला आहे, आणि समोर येईल त्याला नेणं ही त्यातली पहिली अट. गाडी मोकळी असल्याचा दिवा लावून रस्त्यावर फिरायचं आणि मनाजोगतं भाडंच निवडायचं, हे मला पटत नाही, मग अडचण कितीही खरी असो.

तुमच्या शहराचा नियम शोधून ठेवा

नियम माहीत असला की बोलण्यात ठामपणा येतो. लंडनच्या परवानाधारक टॅक्सीला १२ मैलांपर्यंतचं किंवा एक तासापर्यंतचं भाडं नाकारता येत नाही, अट एवढीच की ठिकाण ग्रेटर लंडनच्या आत हवं. हीथ्रो विमानतळावरून निघत असाल तर हद्द २० मैलांची. न्यूयॉर्कमध्ये पिवळ्या टॅक्सीला शहराच्या पाचही बरोंमध्ये, म्हणजे विभागांमध्ये, कुठेही न्यावं लागतं, शिवाय नॅसॉ आणि वेस्टचेस्टर या शेजारच्या काउंट्यांत आणि नेवार्क विमानतळावरही. जपानच्या रस्ते वाहतूक कायद्याचं १३ वं कलम सबळ कारणाशिवाय प्रवासी नाकारायला मनाई करतं. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७८ नुसार भाडं नाकारणं हा दंडनीय गुन्हा आहे. हाँगकाँगमध्ये तर गुन्हा आहेच, शिवाय सप्टेंबर २०२४ पासून टॅक्सी ड्रायव्हरच्या नावावर दोषगुण चढवण्याची पद्धत सुरू झाली आहे. दोन वर्षांत १५ गुण झाले की त्याला काही काळ टॅक्सी चालवता येत नाही.

तुमच्या शहरापुरती तीनच उत्तरं शोधा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. गाडी मोकळी आहे हे कशावरून ओळखायचं: छपरावरचा दिवा, काचेतली पाटी की मीटरचा झेंडा? ड्रायव्हरला कुठपर्यंत न्यावंच लागतं? आणि परवाना देणारं खातं कोणतं, त्याच्याकडे तक्रार कशी जाते?

यातला पहिला मुद्दा किरकोळ वाटेल, पण निम्मे गैरसमज तिथेच होतात. दिवा बंद करून घरी निघालेला ड्रायव्हर माणुसकीने थांबून ‘त्या बाजूला जाणार असाल तर सोडतो’ म्हणत असेल, तर तो भाडं नाकारत नाहीये. काही टॅक्सींना हद्दही असते. हाँगकाँगमध्ये लाल टॅक्सी शहरभर फिरते, हिरवी मुख्यतः न्यू टेरिटरीज या उत्तरेकडच्या भागात आणि निळी लांताऊ बेटावर. हिरव्या टॅक्सीवाल्याने शहराच्या मध्यभागी यायला नकार दिला तर तो नियमच पाळत असतो. प्रवासी जास्त असतील, सामान मावत नसेल, प्रवासी दारूच्या नशेत धिंगाणा घालत असेल किंवा ड्रायव्हरला धोका असेल, तर नकार बहुतेक ठिकाणी वैध धरला जातो. ‘तिकडे ट्रॅफिक आहे’ आणि ‘फार जवळ आहे’ ही कारणं मात्र सहसा त्यात बसत नाहीत.

उभं कुठे राहायचं

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, आणि नवखी माणसं सगळ्यात कमी विचार याचाच करतात.

ज्या दिशेला जायचं आहे, त्या दिशेची वाहतूक ज्या बाजूने जाते, त्याच बाजूला उभे राहा. उलट्या बाजूला उभं राहिलात तर ड्रायव्हरला वळसा घ्यावा लागतो, आणि गर्दीच्या रस्त्यावर एका वळशात दहा मिनिटं जातात. पुढचा मोठा चौक तुंबलेला असेल तर तो पायी ओलांडून पलीकडे जा. कोंडीच्या अलीकडून बोलावलेली टॅक्सी तुमच्याकडे कोंडीचं भाडं म्हणून बघते. पलीकडून बोलावलेल्या टॅक्सीला तुम्ही साधे प्रवासी असता. सामान फार नसेल तर दहा मिनिटं चालणं हे अर्धा तास हात हलवत उभं राहण्यापेक्षा केव्हाही बरं.

गाडी थांबायला मनाई असलेल्या जागी, बस थांब्यावर किंवा सिग्नलच्या तोंडाशी हात दाखवू नका. तिथे थांबला तर ड्रायव्हरला दंड होतो, म्हणून तो बघूनही पुढे जातो, आणि आपल्याला वाटतं की त्याने टाळलं. त्यापेक्षा जिथे माणसं टॅक्सीतून उतरतात तिथे जा: हॉटेलची दारं, इस्पितळांची प्रवेशद्वारं, प्रदर्शनाची सभागृहं. तिथे नुकतीच रिकामी झालेली गाडी असते आणि ड्रायव्हरला पुढच्या भाड्याची गरज असते.

टॅक्सी स्टँड असेल तर सरळ स्टँडवर जा. स्टँडवर उभ्या असलेल्या टॅक्सीला ‘मी रिकामा नाही’ असं म्हणायला फारशी जागा उरत नाही, मागे रांगेतले प्रवासी आणि पुढेमागे इतर ड्रायव्हर बघत असतात, आणि बऱ्याच स्टँडांवर रांग सांभाळणारा माणूसही असतो. काही शहरांनी तर हे सक्तीचंच केलं आहे. टोकियोच्या गिन्झा भागात कामाच्या दिवशी रात्री १० ते १ या वेळात ठरवून दिलेल्या स्टँडांवरूनच टॅक्सी पकडावी लागते. रस्त्यात कितीही हात दाखवला तरी गाडी थांबणार नाही. हाँगकाँग बेट आणि समोरचा काउलून भाग यांच्यामध्ये खाडी आहे आणि गाड्या तिच्याखालच्या बोगद्यातून जातात. खाडीपलीकडे जाणाऱ्यांसाठी तिथे वेगळे स्टँड आहेत. तिथे उभा असलेला ड्रायव्हर मुळात पलीकडे परतायलाच आलेला असतो, त्यामुळे ‘तिकडे नाही जाणार’ हे ऐकावं लागत नाही आणि परतीच्या बोगद्याचा टोलही प्रवाशावर पडत नाही. तुमच्या शहरात दिशेप्रमाणे असे स्टँड आहेत का, याची पहिल्या आठवड्यातच चौकशी करा.

आणखी एक उपाय आहे, तो म्हणजे प्रवासाचे दोन तुकडे करणं. शहराच्या मध्यातून टोकाला जायचं असेल तर कोंडीचा भाग मेट्रोने, लोकलने किंवा बसने पार करा आणि शेवटचा टप्पा टॅक्सीने जा. उपनगरातल्या स्टेशनबाहेरचा टॅक्सीवाला त्याच भागातला असतो, तुमचं ठिकाण त्याच्या रोजच्या फेरीत असतं, आणि तो सहसा नाही म्हणत नाही.

वेळ कशी साधायची

पाळी बदलण्याची वेळ एखाद्या ड्रायव्हरलाच विचारून घ्या, ते मोकळेपणाने सांगतात. त्या तासाभरात निघणं टाळा. सामना किंवा नाटक संपल्याबरोबर सगळ्यांसोबत बाहेर पडण्याऐवजी वीस मिनिटं आत थांबा, किंवा शेवटाआधी निघा. शेवटच्या लोकलची, मेट्रोची किंवा बसची वेळ मात्र रोज पाठ असू द्या. ती चुकली की टॅक्सीवाल्यासमोर तुमच्या हातात काहीच उरत नाही, आणि हे त्यालाही कळतं.

काच खाली आल्यावर

काचेतून ठिकाण सांगू नका. हा या लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला आहे.

गाडी थांबली, दिवा चालू आहे, तर नमस्कार करा, मागचं दार उघडा, बसा, दार लावा, पट्टा बांधा आणि मग ठिकाण सांगा. काचेबाहेरच्या माणसाला नाही म्हणायला मान हलवणं पुरतं. आत बसलेल्याला ‘उतरा’ म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना बहुतेक ड्रायव्हर कचरतात. दारं आतून बंद करून काचेतूनच विचारणारे असतात. त्यांना आधी विचारा, ‘दादा, गाडी मोकळी आहे ना?’ तो ‘हो’ म्हणाला की मगच ठिकाण. आधी ‘हो’ म्हटल्यावर पुढे नाकारायला त्याला काहीतरी कारण द्यावं लागतं, आणि तेच कारण तक्रारीत लिहिता येतं.

ठिकाण सांगताना अनोळखी गल्लीचं नाव आधी घेऊ नका. जवळची मोठी, सर्वांना माहीत असलेली खूण आधी सांगा, मग ‘तिथून पुढे मी रस्ता दाखवतो.’ पत्ता सापडेल की नाही, आत गाडी वळेल की नाही, ही धास्ती असेल तरी ड्रायव्हर नाही म्हणतो. मुख्य रस्त्यावर उतरून आत पायी जायची तयारी असेल तर तेही लगेच सांगा. ‘तुम्हाला बरा वाटेल त्या रस्त्याने घ्या, टोल लागला तर मी देतो’ या एका वाक्याने कोंडीची निम्मी भीती जाते. सुटे पैसे जवळ ठेवा.

मीटरपेक्षा जास्त पैसे मात्र स्वतःहून देऊ करू नका. अडल्यानडल्या वेळी हे कठोर वाटेल, तरीही. एकदा तुम्ही आकडा बोललात की ते भाडं राहत नाही, सौदा होतो, आणि सौद्यात घाई असलेला माणूस हरतो. शिवाय ज्या शहरांत मीटर सक्तीचं आहे तिथे ठरवून घेतलेली जादा रक्कम बेकायदा असते, म्हणजे नंतर तक्रार करायची तर तुम्हीही त्यात असता. आणि तुमच्या मागे उभ्या असलेल्या, तेवढे पैसे नसलेल्या माणसाला तो ड्रायव्हर त्या दिवशी मीटरने नेणार नाही.

बसल्यावर नकार आला तर आवाज न चढवता असं बोला:

‘तिकडे नाही जाणार. उतरा.’

‘दादा, दिवा चालू होता म्हणून बसलो. काही अडचण आहे का?’

‘ट्रॅफिक आहे तिकडे.’

‘ट्रॅफिक आहे, ठाऊक आहे मला. मीटर टाका, लागेल तेवढा वेळ लागू दे.’

पुष्कळदा एवढ्यावर मीटर पडतं. नाही पडलं तर तिसरं वाक्य: ‘ठीक आहे, मग मी गाडीचा नंबर लिहून घेतो.’ हे धमकीच्या सुरात म्हणू नका, माहिती दिल्यासारखं म्हणा. त्यानंतरही तो अडून बसला तर उतरा. रात्री एकटे असाल, ड्रायव्हर चिडलेला असेल, तर हे तिसरं वाक्यसुद्धा गाडीत बोलू नका. उतरा, उजेडात जा आणि मग नंबर टिपा. संतापलेल्या माणसाच्या गाडीत बसून हक्काची लढाई जिंकण्यात काही अर्थ नाही.

ॲपवरून बोलावलेली गाडी

इथे नकाराचं रूप बदलतं. तोंडाने कोणी नाही म्हणत नाही. ड्रायव्हर फेरी स्वीकारतो आणि जागचा हलत नाही. किंवा फोन करतो: कुठे जायचंय, पैसे रोख देणार की ऑनलाइन? आणि उत्तर आवडलं नाही तर म्हणतो, ‘तुम्हीच कॅन्सल करा.’

तुम्ही कॅन्सल करू नका. तुम्ही केलंत तर नोंद तुमच्या नावावर होते आणि दंड लागण्याची शक्यताही तुम्हालाच. फोनवर बोलणं टाळून ॲपमधल्या संदेशातच लिहा: ‘मी ठरलेल्या जागी उभा आहे. येणार नसाल तर कृपया आपण रद्द करा.’ लेखी राहतं. गाडीचा नकाशावरचा ठिपका हलत नसेल तर काही मिनिटांच्या अंतराने दोन स्क्रीनशॉट घ्या. रद्द करणं भागच पडलं तर कारणांच्या यादीतलं खरं कारण निवडा. ‘माझा बेत बदलला’ हे सोपं म्हणून दाबू नका. दंड कापला गेला तर त्याच स्क्रीनशॉटवर तो परत मागता येतो.

गाडी बोलावण्याची जागाही हाताने नीट लावा. ॲपने दाखवलेला ठिपका अनेकदा रस्त्याच्या चुकीच्या बाजूला किंवा गाडी थांबू न शकणाऱ्या ठिकाणी असतो. आणि एकाच वेळी दोन ॲपवर गाड्या बोलावून लवकर येईल ती घेणं सोडून द्या. दुसऱ्या ड्रायव्हरचं पेट्रोल आणि वेळ त्यात फुकट जातो, आणि आपली तक्रार नेमकी अशाच वागण्याबद्दल आहे.

नकार जेव्हा माणसालाच असतो

आतापर्यंतचे सगळे उपाय दिशा, अंतर आणि वेळ यांच्यामुळे होणाऱ्या नकारासाठी होते. काही नकार मात्र माणूस बघूनच होतात: कातडीचा रंग, कपडे, भाषा, चाकाची खुर्ची, अंध व्यक्तीसोबतचा कुत्रा. इथे उभं राहण्याची जागा बदलून काही होत नाही, आणि त्या प्रवाशाला ‘तू जरा नीट उभा राहा’ असं सांगणं हा अन्याय आहे.

नोव्हेंबर १९९९ मध्ये अभिनेते डॅनी ग्लोव्हर यांनी न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीवाले आपल्याला टाळतात अशी रीतसर तक्रार केली. इतका प्रसिद्ध कृष्णवर्णीय माणूस असूनही त्यांच्यावर ही वेळ आली, यावरून मोठी चर्चा झाली आणि शहराने साध्या वेशातले अधिकारी प्रवासी म्हणून उभे करून भाडं नाकारणाऱ्यांना पकडण्याची मोहीम जोरात चालवली. त्याच शहरात पिवळ्या टॅक्सी मॅनहॅटन या मध्यवर्ती भागाबाहेरच्या वस्त्यांकडे फारशा फिरकतच नव्हत्या, म्हणून २०१३ पासून त्या भागांसाठी हिरव्या टॅक्सी सुरू कराव्या लागल्या. अपंग प्रवाशांच्या बाजूने कायदे आणखी स्पष्ट आहेत. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार मार्गदर्शक कुत्रा सोबत आहे म्हणून टॅक्सी नाकारता येत नाही आणि त्यासाठी जादा पैसेही घेता येत नाहीत. अमेरिकेतही १९९० च्या कायद्याने अपंगत्वावरून टॅक्सी नाकारायला बंदी आहे.

असा नकार तुमच्या वाट्याला आला, किंवा शेजारी उभ्या माणसाच्या वाट्याला आलेला तुम्ही पाहिलात, तर तक्रार कराच. साक्षीदार म्हणून आपलं नाव आणि फोन त्या माणसाला द्या. ‘असं होतं कधीकधी’ म्हणून सोडून दिलेली प्रत्येक घटना अधिकाऱ्यांच्या लेखी घडलेलीच नसते.

तक्रार कशी लिहायची

नकारानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत फोनमध्ये टिपा: गाडीचा नंबर, दारावरचा किंवा छपरावरचा परवाना क्रमांक, दिसला असेल तर ड्रायव्हरच्या बॅजचा नंबर, वेळ, नेमकी जागा, दिवा चालू होता की बंद, आणि तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. गाडीचा मागून एक फोटो पुरतो. ड्रायव्हरच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका, त्याने भांडण पेटतं.

तक्रार परवाना देणाऱ्या खात्याकडे करा. गाडी कंपनीची असली तर कंपनीलाही कळवा, पण फक्त कंपनीला कळवून थांबू नका. परवान्यावर कारवाई खातंच करू शकतं. न्यूयॉर्कमध्ये ३११ या क्रमांकावर ती नोंदवता येते, इतर शहरांत फोन, संकेतस्थळ किंवा ॲप असतं. मजकूर असा असावा:

‘अमुक तारखेला सायंकाळी ६.२० वाजता, अमुक चौकातल्या टॅक्सी स्टँडवर, अमुक क्रमांकाची टॅक्सी दिवा चालू ठेवून उभी होती. मी मागच्या सीटवर बसून ठिकाण सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, “तिकडे ट्रॅफिक आहे, उतरा.” मी मीटरने जायला तयार होतो. गाडीत मी एकटा होतो, सामान एक पिशवी. फोटो जोडला आहे. गरज पडल्यास साक्ष द्यायला तयार आहे.’

एवढंच. ‘हे सगळे माजलेत’ वगैरे लिहिलंत की वाचणाऱ्याचं लक्ष घटनेवरून तुमच्या रागावर जातं. साक्ष देण्याची तयारी असल्याचं वाक्य मात्र विसरू नका. ड्रायव्हरने आरोप नाकारला तर तुमच्या साक्षीवाचून प्रकरण बहुधा तिथेच थांबतं, आणि सुनावणीला कोणीच आलं नाही म्हणून सुटणारे ड्रायव्हर थोडे नसतात.

तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक देऊन लेखी विचारणा करा, नवी तक्रार करू नका. नव्या तक्रारीने जुनी बाजूला पडते. आणि ज्या ड्रायव्हरने भर कोंडीत, तोंड वाकडं न करता, टोकापर्यंत मीटरने सोडलं, त्याचा नंबर मागून घ्या आणि त्याच खात्याला त्याच्याबद्दलही चार ओळी लिहा. अशा खात्यांकडे चांगल्या कामाची नोंद पाठवण्याचीही सोय बहुतेक ठिकाणी असते.